पाचवी चिमणी: रोजच्या कामांत देवाचं बोलणं कसं ऐकावं

येशूला बाजारभाव ठाऊक होता. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एक) १० व्या अध्यायात तो म्हणतो, दोन चिमण्या एका दमडीला मिळतात. लूकच्या १२ व्या अध्यायात पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशेब मांडून पाहा. दोन दमड्यांना चार यायला हव्यात. पाचवी विकणाऱ्याने वर टाकलेली आहे. तिची वेगळी किंमत कुणी धरलेलीच नाही. आणि त्यांच्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही, असं तो लगेच पुढे सांगतो.

इथला क्रम ध्यानात घ्या. आधी बाजार नीट पाहिलेला आहे, भाव माहीत आहे, वर टाकायची रीत माहीत आहे. देवपित्याविषयीचं बोलणं त्यानंतर येतं. त्याच्या दाखल्यांतलं बी, खमीर, हरवलेलं नाणं, जुन्या कपड्याला लावलेलं ठिगळ, सगळीकडे तसंच. रोजच्या जगण्यात ख्रिस्ती अर्थ शोधणाऱ्याने हाच क्रम धरावा: प्रसंग आधी, वचन मग, आणि शेवटी आपलं उत्तर. क्रम उलटा झाला की अर्थ चिकटवला जातो. बस चुकली की ‘देवाची काहीतरी योजना असणार’, लिफ्ट बंद पडली की ‘हा संयमाचा धडा’. असं बोलणं भक्तीचं वाटतं, पण त्यात पाहणं कुठेच नसतं, आणि चार दिवसांत ते बोलणाऱ्यालाच पोकळ वाटायला लागतं.

पुढची रीत नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी आहे. दिवसाची साधारण २० मिनिटं, एक वही, पेन्सिल आणि छापील बायबल एवढं पुरतं.

दिवसाला तीन खुंट्या

दिवसभर देवाचं स्मरण ठेवायचं असं नुसतं ठरवलं की ते कुठेच राहत नाही. ते टांगायला खुंट्या लागतात. बायबलमधला संदेष्टा दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. ‘डिडाखे’ हा मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातला शिकवणीचा ग्रंथ आहे. तोही प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली, ‘हे आमच्या पित्या’ अशी सुरू होणारी) दिवसातून तीन वेळा म्हणायला सांगतो. तीन हा आकडा नवशिक्याला पेलतो. सकाळी ७ मिनिटं, दुपारी १, रात्री १०.

खुंटी घड्याळाला बांधू नका, रोज होणाऱ्या कृतीला बांधा. ‘सकाळी साडेसहाला’ असं ठरवलं की उशिरा जाग आलेल्या दिवशी ते बुडतं, आणि बुडालं की दिवसभर रुखरुख. ‘तोंड धुतल्यावर, फोन हातात घेण्याआधी’ असं ठरवलं तर उठायला कितीही वाजोत, खुंटी जागेवर असते. दुपारची खुंटी जेवणाच्या पहिल्या घासाआधी. रात्रीची दिवा मालवण्याआधी, पण बसून. अंथरुणावर आडवं होऊन केलेली प्रार्थना बहुतेक वेळा तिसऱ्या मिनिटाला झोपेत जाते.

सर्वांत जास्त चुकतं ते उत्साहात. पहिल्याच आठवड्यात रोज एक तास ठरवला जातो, नवव्या-दहाव्या दिवशी तो मोडतो, आणि मग ‘आपल्याला जमणार नाही’ अशी समजूत घट्ट बसते. सहा आठवडे २० मिनिटांवर एक मिनिटही वाढवू नका.

दुपारचं सांगायला थोडंच आहे. प्रभूची प्रार्थना भरभर म्हटली तर अर्ध्या मिनिटात होते. तिला पूर्ण मिनिट द्या. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ इथे थांबा. या अख्ख्या प्रार्थनेत ‘मी’ किंवा ‘माझं’ कुठेच नाही, सगळं ‘आम्ही’ आणि ‘आमचं’. त्या ‘आम्ही’मध्ये आज एक माणूस नाव घेऊन बसवा. सकाळी ज्याच्याशी वाजलं असेल तोच बसवला तर उत्तम.

सकाळी: चार ओळी, चावून

सकाळी चार ते आठ वचनं वाचायची, त्याहून जास्त नाही. सुरुवातीला मार्कचं शुभवर्तमान घ्या: ते चारांत सगळ्यांत छोटं आहे, आणि त्यात येशू सतत रस्त्यावर, होडीत, कुणाच्या तरी घरात असतो. संपलं की स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधला स्तोत्रांचा संग्रह, घ्या.

बाराव्या शतकात कार्थुसी या साधूंच्या संघाच्या मठातल्या दुसऱ्या ग्विगोने वाचनाच्या चार पायऱ्या मांडल्या आणि त्या खाण्याच्या भाषेत समजावल्या. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थनेत चव लागते, आणि देवापाशी नुसतं निवांत राहणं म्हणजे तो गोडवाच. सात मिनिटांत हे असं बसवता येतं:

१. तो उतारा एकदा मनात, एकदा ओठ हलवून मोठ्याने वाचा. दोन मिनिटं.
२. जिथे मन अडलं तो शब्द किंवा वाक्याचा तुकडा धरा. आवडला म्हणूनच अडतो असं नाही. खुपला म्हणूनही अडतो, आणि खुपलेला बहुधा जास्त कामाचा असतो. तीन मिनिटं तोच घोळवा.
३. त्याबद्दल देवाशी सरळ दोन वाक्यं बोला. ‘हे मला कळत नाही’ हेसुद्धा चालतं.
४. उरलेलं मिनिट गप्प बसा. मग तो तुकडा वहीत लिहा, पाच-सहा शब्दांत.

तो तुकडा दिवसभराचा सोबती. मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळ चालू आहे आणि येशू होडीच्या मागच्या बाजूस उशीवर डोकं टेकून झोपला आहे. कुणाला त्या सकाळी ‘उशीवर’ एवढाच शब्द अडला, तर तोच घ्यावा. मोठा सिद्धांत हाती लागलाच पाहिजे असं काही नाही.

इथे दोन गोष्टी टाळा. डोळे मिटून बायबल कुठेही उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचा निरोप समजायचा, ही सवय सोडाच. वचनाला मागचापुढचा संदर्भ असतो. तो तोडला की आपल्या मनात आधीच असलेलंच वचनाच्या तोंडी घातलं जातं. दुसरं म्हणजे फोनवर वाचू नका. उतारा उघडण्याआधी तीन निरोप दिसतात, आणि चावायला तेच मिळतात.

एक काम निवडा

आता दिवसाचा मोठा भाग. इथे सगळी कामं एकदम पवित्र करायला जाऊ नका. रोज होणारं, हाताने करायचं, पाच ते पंधरा मिनिटांचं एकच काम निवडा: भांडी घासणं, झाडून घेणं, कपडे वाळत घालणं, जिना चढणं. ज्यात आकडेमोड किंवा बोलणं आहे ते घेऊ नका. त्या कामाचं लक्ष त्या कामालाच द्यावं, तीच तिथली प्रार्थना.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधू स्वयंपाकघरात राबत होते. ते काम त्यांना मुळात आवडत नव्हतं, हे त्यांच्या बाबतीत विसरलं जातं. देवावरच्या प्रेमाखातर जमिनीवरची एक काडी उचलणंही पुरे, असं ते म्हणत. त्यांच्याही आधी, सहाव्या शतकात, संत बेनेडिक्टने मठात कसं राहावं यासाठी लिहिलेल्या ‘नियम’ या ग्रंथाच्या ३१ व्या अध्यायात मठाच्या कोठाऱ्याला सांगून ठेवलं की मठातली सगळी भांडी नि अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत. ३५ व्या अध्यायात तो आणखी बारीक जातो: आठवड्याची स्वयंपाकाची पाळी संपली की ती करणाऱ्याने भांडी स्वच्छ आणि धड परत करायची, आणि नवी पाळी घेणाऱ्याने ७० व्या स्तोत्राची सुरुवात तीनदा म्हणायची. साध्या शब्दांत ती अशी: ‘देवा, माझ्या मदतीला ये, प्रभू, लवकर ये.’ इजिप्तच्या वाळवंटातले साधू हेच वाक्य उठता-बसता म्हणायला शिकवत, असं योहान कॅसियन या साधू-लेखकाने पाचव्या शतकात नोंदवून ठेवलं आहे.

म्हणून भांड्यांचंच उदाहरण घेऊ. नळ सोडण्याआधी ते वाक्य एकदा म्हणा. मग पहिली तीन भांडी नुसती पाहत घासा. पाणी किती गार आहे, तळाला काय चिकटलंय, कोणत्या कडेला बोट अडतं, ताटाच्या मधोमध किती ओरखडे पडलेत. अजून अर्थ काढायचा नाही. चौथ्या भांड्यापासून मनाला विचारा: यातून कोण जेवलं? कपाच्या कानापाशी कुणाचं बोट असतं? आजारी माणसाने अर्ध्यावर सोडलेली वाटी हातात आली तर ती वेगळी दिसायला लागते. मग त्या माणसासाठी एक वाक्य, आणि भांडं पालथं. शेवटचं भांडं ठेवल्यावर सकाळचा तुकडा आठवा. तो या कामाला येऊन लागला तर लागला. नाही लागला तर ओढूनताणून लावू नका. दहा दिवसांतून दोनदा लागला तरी पुष्कळ झालं.

मन भटकणारच. भटकलं हे ध्यानात आलं की हातातल्या वस्तूवर परत यायचं, स्वतःला न रागावता. ब्रदर लॉरेन्स चुकले की देवाला म्हणत, ‘तू मला माझ्यावर सोडलंस तर मी हेच करणार’, आणि त्यावर अधिक न कुढता कामाला लागत. स्वतःला रागवत बसणं म्हणजे पुन्हा आपल्याकडेच पाहणं, आणि पाहायचं होतं ते दुसरीकडे.

श्वासाबरोबर म्हणायची येशूची प्रार्थना अनेकांना इथे उपयोगी पडते: श्वास घेताना ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’, सोडताना ‘मज पाप्यावर दया कर’. श्वास आहे तसा चालू द्या. तो लांबवायला किंवा रोखायला गेलात तर चक्कर येते, आणि शब्दांतली विनवणी जाऊन कसरत उरते.

माणूस मध्येच आला की

लूकच्या ८ व्या अध्यायात येशू याईर नावाच्या माणसाच्या घरी निघाला आहे. याईराची १२ वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे, घाई आहे. वाटेत १२ वर्षं रक्तस्रावाने पिडलेली एक बाई त्याच्या वस्त्राच्या काठाला हात लावते, आणि तो थांबतो. नुसता थांबत नाही, कोण आहे ते विचारतो, तिचं ऐकून घेतो, तिला ‘मुली’ म्हणतो. याईर तिथेच ताटकळत उभा आहे.

आपल्याकडे हे दिवसातून दहा वेळा घडतं: काम रंगात आलं आणि कुणीतरी हाक मारली. यासाठी एक छोटी कृती ठेवा. दाराची कडी, फोनचं हिरवं बटण किंवा खुर्चीचा हात, जे आधी हाताला लागेल त्यावर एक श्वासभर हात ठेवा आणि समोरच्याचं नाव मनात घ्या. मग उत्तर द्या. दोन सेकंदं लागतात. सुरुवातीला हे आठवेल ते उत्तर देऊन झाल्यावर. तेव्हाही करा, महिन्याभरात ते पुढे सरकतं. याचा अर्थ प्रत्येक हाकेला काम टाकून धावायचं असा नाही. ‘आत्ता नाही, चार वाजता बोलू’ हे प्रेमाने सांगता येतं, आणि चार वाजता खरंच बोलावं लागतं.

आणि हे फार जपून: दुसऱ्याच्या दुःखातला अर्थ आपण सांगायचा नाही. बायबलमध्ये सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस नि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते त्यांनी कारणं द्यायला सुरुवात केल्यावर. मूल गमावलेल्या आईला ‘देवाला फूल हवं होतं’ म्हणणारा माणूस आपल्या मनाची बेचैनी घालवत असतो, तिचं दुःख तिथेच असतं. तिथे अर्थाचं काम एवढंच: जवळ बसणं, डबा नेणं, दवाखान्याची रांग धरणं. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात अन्न, पाणी, घर, वस्त्र, आजारपणातली आणि तुरुंगातली भेट अशा सहा गोष्टी आहेत. सहाही हातापायांनी करायच्या आहेत.

रात्री: मागे वळून

अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघं शिष्य मरणातून उठलेल्या येशूबरोबर चालले आणि त्यांनी त्याला ओळखलं नाही. भाकर मोडताना ओळखलं, तेव्हा तो दिसेनासा झाला, आणि मग त्यांना उमगलं की वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण पेटत होतं. देवाचं येणं पुष्कळदा मागे वळल्यावरच ओळखू येतं. रात्रीची १० मिनिटं त्यासाठी आहेत, आणि या सगळ्या रीतीतलं काही एकच करायचं झालं तर हे करा.

सोळाव्या शतकात येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली दिनपरीक्षा पाच टप्प्यांची आहे. मिनिटांची वाटणी अशी ठेवा.

आभार, ३ मिनिटं. मोठ्या गोष्टी सोडा. आरोग्य, कुटुंब, नोकरी ही रोज तीच यादी होते आणि ओठांवरच राहते. आजची पाचवी चिमणी शोधा: जिची किंमत कुणीच धरली नाही अशी एक गोष्ट. कुणी दार धरून ठेवलं. दुखणारा दात दुपारपासून दुखला नाही. ती वहीत एका ओळीत लिहा.

प्रकाश मागणं, अर्धं मिनिट. ‘प्रभू, दिवस तू पाहिलास तसा मला दाखव.’ हा टप्पा गाळला की पुढचं सगळं स्वतःवरचा खटला होतं. बहुतेकांची दिनपरीक्षा इथेच बिघडते.

उजळणी, ४ मिनिटं. उठल्यापासून आत्तापर्यंत, एकेका खोलीतून चालत गेल्यासारखं. काय चांगलं, काय वाईट हे नंतर. आधी एवढंच: कुठे मन मोकळं झालं, कुठे आवळलं? आवळलं त्या जागी थोडं थांबा.

क्षमा मागणं, दीड मिनिट. एकाच गोष्टीची, नाव घेऊन. ‘मी फार वाईट आहे’ ही क्षमायाचना नव्हे. ‘जेवताना मी तिचं बोलणं तोडलं’ ही आहे. माणसाचं काही देणं निघत असेल तर देवाची क्षमा मागून ते फिटत नाही. उद्या त्या माणसाकडे जायचं.

उद्या, १ मिनिट. एकच गोष्ट, करता येण्याजोगी. वहीत दुसरी ओळ.

रात्री या दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नका. जास्त लिहिलं की लिहिणं छान व्हावं असं वाटू लागतं, आणि मग देवाशी बोलायचं राहून वहीशी बोलणं होतं.

सापडलेलं पारखून घ्या

१५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, म्हणून इग्नेशियस महिनोन्‌महिने घरी पडून होते. वीरकथा हव्या होत्या. मिळाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. ते कधी पराक्रमाची स्वप्नं रंगवत, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही रंगवताना सारखाच आनंद होई. फरक नंतर पडे: पहिल्याने मन कोरडं राही, दुसऱ्याने समाधान टिकून राही. हा ‘नंतरचा’ फरक त्यांनी टिपला, आणि पारखण्याची त्यांची सगळी शिकवण तिथून सुरू होते.

म्हणून ‘देव मला हे सांगतोय’ असं वाटलं की त्याच दिवशी जाहीर करू नका. तीन दिवस थांबून चार प्रश्न विचारा. नंतरही शांती टिकली का? हे शुभवर्तमानातल्या येशूला शोभतं का? गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायातली प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता ही फळं यातून येतील, की मी दुसऱ्यांपेक्षा मोठा ठरेन? आणि मला ओळखणाऱ्या एका प्रौढ विश्वासी माणसाला, पाळकांना किंवा फादरांना हे सांगायला मला संकोच वाटतोय का? वाटत असेल तर आधी त्यांनाच सांगा. घड्याळात पुन्हा पुन्हा दिसणारे तेच आकडे, योगायोगाने कानावर पडलेलं गाणं, स्वप्न, यांच्यावर नोकरी, लग्न किंवा औषध बंद करण्याचा निर्णय कधीही घेऊ नये.

इग्नेशियस यांचा आणखी एक नियम घरात लिहून ठेवण्यासारखा आहे: मन खचलेलं असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही.

कोरडे दिवस

ते येतातच, साधारण उत्साह ओसरल्यावर. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या एवाग्रियस या साधूने त्यांचं अचूक चित्र काढलं आहे. दुपार झाली की साधूला सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस ५० तासांचा वाटतो. तो सारखा खिडकीकडे जातो, कुणी भेटायला येतंय का पाहतो, जागा नकोशी होते, काम नकोसं होतं. हातात फोन घेऊन वरचेवर चाळणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

उपाय त्याने दिला तो जागा न सोडण्याचा. व्यवहारात ते असं करा: वेळ कमी करा, खुंटी काढू नका. सात मिनिटांचं एक झालं तरी बसा. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रातले घ्या. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. ते मोठ्याने वाचणं ही पुरेशी प्रार्थना आहे. कोरडेपणात कामं नि जेवणखाण नीट चालू असतं, फक्त प्रार्थनेला चव नसते. झोप, भूक आणि रोजची कामंही दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असतील, किंवा जगू नये असं वाटत असेल, तर ती आध्यात्मिक परीक्षा समजून सोसू नका. पाळकांना सांगा आणि डॉक्टरांकडेही जा. जगू नये असं वाटत असेल तर त्याच दिवशी.

एकट्याने हे फार काळ चालत नाही. रविवारच्या उपासनेला आठवड्याचा एक प्रसंग मनात घेऊन जा, आणि प्रभुभोजनाच्या किंवा मिस्साच्या वेळी भाकर पुढे आणली जाते तेव्हा तो तिच्यासोबत ठेवा. भांडी, जिना, ताटकळलेली रांग, सगळं तिथे नेण्याजोगं आहे.

महिन्याच्या शेवटी वहीला २० मिनिटं द्या. नवीन काही लिहायचं नाही. पेन्सिलीने पुन्हा पुन्हा आलेले शब्द अधोरेखित करा: एखादं नाव, एखादी खोली, दिवसातली एखादी वेळ. कोऱ्या राहिलेल्या तारखा मागाहून भरू नका, आहेत तशाच राहू द्या. कधीकधी त्याही सलग चार-पाच दिसतात आणि त्या दिवसांत काय चाललं होतं ते आठवतं. जो शब्द सर्वांत जास्त वेळा आला असेल तो पुढच्या महिन्याच्या पहिल्या पानावर लिहा, आणि त्या सकाळी त्याच्यासाठी एक स्तोत्र शोधा.